डाव्या डोळ्याचं पाठांतर

आमच्या मराठी आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी पेपर फुटला. परीक्षार्थी चार-साडेचार वर्षांचे होते आणि विषय होता डोळे.

इंग्लंडमध्ये मूल रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या अगदी पहिल्या वर्गाला लागलं, की थोड्याच दिवसांत आरोग्य तपासणीवाली बाई शाळेत येते. उंची, वजन, कान, डोळे बघून जाते. त्याआधी घरी एक पत्र येतं. आमच्या पत्रात लिहिलं होतं की तपासणी साधी आहे, दुखणार-खुपणार काही नाही, आणि मुलांची कसलीही तयारी करून घ्यायची गरज नाही. आता, ‘तयारीची गरज नाही’ असं कोणी म्हणालं की मला लगेच वाटतं, बाकीच्यांची तयारी नक्की सुरू झालेली आहे. मी पुण्यात वाढले. आमच्या वर्गातली एक मुलगी दर परीक्षेआधी ‘माझं काहीच झालं नाही गं’ म्हणायची आणि पहिली यायची. त्या वाक्यावर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

आम्ही कॉव्हेंट्रीला राहतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. तो वर्क व्हिसावर आला आणि त्याच्यामागून मी आणि दीड वर्षाची लेक. इथल्या ग्रुपवर आम्ही वीसेक आया आहोत. चकलीच्या भाजणीपासून कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत सगळी चर्चा तिथे चालते. त्यातल्या एकीचा मुलगा आमच्याच शाळेत, शेजारच्या वर्गात होता. तपासणी त्याच्या वर्गापासून सुरू झाली. तो आईला सोडेना म्हणून तिला आत बसू दिलं, आणि या बाईने बसल्या बसल्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याचा फोटो काढून आणला. खाली लिहिलं, ‘लेडीज, हेच येतंय. बाकीच्यांचं नेक्स्ट वीक आहे. प्रॅक्टिस करून घ्या!’

कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. ‘थँक यू सो मच’, ‘किती गं तू गुणाची’, असे निरोप येत राहिले. मीही हात जोडल्याची दोन चित्रं टाकली.

त्या फोटोचा प्रिंट मी नोकरीच्या ठिकाणी काढला, आणि ते ठिकाण कुठलं हे सांगताना आज मला लाज वाटते. आठवड्यातून तीन दिवस मी जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरखान्यात काम करते. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या शाळाशाळांतून डॉक्टर मुलांना तपासत हिंडायचे. त्यांच्या वह्या माझ्या टेबलावर आहेत, आणि त्यातलं किरटं अक्षर लावून लावून मी ते कॉम्प्युटरवर चढवते. एका मुलाची एक ओळ. केस, दात, कान, नजर, कपडे, बूट. शेवटच्या रकान्यात आई हजर होती की नव्हती, आणि शेरा.

आया काय काय करायच्या ते त्या शेऱ्यांतून कळतं. डॉक्टर येणार म्हटलं की आदल्या दिवशी पोरांची डोकी रॉकेलने धुवायच्या. शेजारणीच्या मुलाचे बूट मागून आणायच्या. आतला फाटका कपडा दिसू नये म्हणून वरचा सदरा अंगावरच शिवून टाकायच्या. डॉक्टर वैतागून लिहायचा, बूट उसने, पायाला मोठे. टाइप करता करता मी हसायचे. अगं बायांनो, तो मदतीला आलाय, त्याच्यापासून काय लपवताय, असं मनातल्या मनात त्यांना सुनावायचे. दुसऱ्याचं पाहायचं वाकून आणि आपलं ठेवायचं झाकून म्हणतात, त्यातली मी. त्याच दुपारी, त्याच वह्यांच्या शेजारी उभं राहून मी फुटलेल्या पेपरची प्रत काढली, तीही मोठ्या कागदावर.

घरी जिन्याच्या खालच्या पायरीवर लेकीला बसवलं आणि समोरच्या दाराला तक्ता डकवला. डोळा झाकायला स्टीलची वाटी दिली, आमटीची. आधी डावा डोळा झाकला. तिने धडाधड वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीतली बारीक अक्षरंसुद्धा. ज्या मुलांना अक्षरं येत नाहीत त्यांना हातात एक कार्ड देतात आणि त्याच्यावरचं सारखं दिसणारं अक्षर बोटाने दाखवायला सांगतात. माझ्या लेकीला कार्ड लागणार नव्हतं, आणि याचा मला भारी अभिमान होता.

मग वाटी उजव्या डोळ्यावर ठेवली. 

“वाच की.”

“आई, नाही दिसत.”

“नाही दिसत म्हणजे? आत्ता तर वाचलंस सगळं. तेच आहे ते.”

“ते फझी आहे.”

मी चिडले. दिवसभर काम करून आलेले, कुकर लावायचा होता, आणि तिचं अर्धं लक्ष टॅबलेटकडे होतं हे मला दिसत होतं. “नाटकं करू नकोस हं,” मी म्हणाले. “तेच लेटर आहेत. आठव.” तिने दोन अक्षरं आठवली, तिसरं चुकली आणि रडायला लागली. मी तक्ता काढला नाही. मला एवढंच वाटलं की पोरगी कंटाळा करते आहे आणि कंटाळ्यावर आमच्या घरात एकच औषध होतं. माझ्या आईने मला पाढे जसे शिकवले तशा मी तिला त्या तक्त्याच्या पाच ओळी शिकवल्या. वेणी घालताना, आंघोळ घालताना, शाळेला चालत जाताना. व्ही टी ओ एच. एक्स यू ए टी. तिसऱ्या दिवशी ती बे एके बेच्या चालीवर सगळं म्हणू लागली. व्हिडिओ काढून पुण्याला पाठवला. आई म्हणाली, “दृष्ट काढ गं तिची, किती चटकन पाठ करते.”

तपासणीच्या दिवशी दप्तरातून कागद आला. दोन्ही डोळे नॉर्मल, पुढे काही करायची गरज नाही. मी ग्रुपवर अंगठा टाकला आणि संध्याकाळी शिरा केला.

हे ऑक्टोबरातलं. जानेवारीत तिच्या वर्गातल्या एका मुलाचा वाढदिवस होता, समुद्री चाच्यांची पार्टी. एका सार्वजनिक हॉलमध्ये तीसेक मुलं आणि भिंतीला टेकून आम्ही आया. सगळ्या मुलांना लाल रुमाल आणि एका डोळ्यावर बांधायची काळी पट्टी मिळाली. लेकीची पट्टी उजव्या डोळ्यावर बसली. कोणी ठरवून बसवली नव्हती, लावणाऱ्याचा हात तसा पडला.

खेळ असा होता की गाणं थांबलं की पळत जाऊन आपापल्या आईला शिवायचं. गाणं थांबलं. सगळी पोरं आरडाओरडा करत सुटली. माझी लेकही पळाली, आणि माझ्यापासून चार बायका सोडून उभ्या असलेल्या एका बाईच्या पायांना तिने मिठी मारली. त्या बाईच्या अंगात माझ्यासारखाच पिवळा स्वेटर होता. बाकी तिच्यात आणि माझ्यात काहीही सारखं नव्हतं. ती माझ्याहून वीतभर उंच आणि चांगली पन्नाशीची, कोणाची तरी आजी.

सगळे हसले. मीही हसले.

“बेटा, मैं तुम्हारी मम्मी नहीं हूँ,” ती बाई म्हणाली. लेकीने मान वर करून तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि तरी मिठी सोडली नाही. “आई, मी जिंकले ना?” तिने तिलाच विचारलं.

मी हाक मारली. ती आवाजाकडे वळली. मी दोन्ही हात वर करून हलवत होते, आमच्यात पाच-सहा पावलांचं अंतर असेल. तिची नजर माझ्यावर आली, माझ्यावरून पुढे गेली, आणि भिंतीशी उभ्या असलेल्या बायकांच्या रांगेवर फिरत राहिली.  मी धावत जाऊन तिची पट्टी वर केली.

“हां! इकडे आहेस होय तू,” ती म्हणाली आणि पुन्हा खेळायला पळाली.

केक कापेपर्यंत मी कशी थांबले मला माहीत नाही. घरी आल्यावर कोटसुद्धा न काढता तिला जिन्याच्या खालच्या पायरीवर बसवलं. दुपारचे चार वाजले होते, हॉलमधला दिवा लावलेला होता. मी वाटी आणली आणि तिच्या उजव्या डोळ्यावर धरली. समोरच्या दाराला खुंटीवर तिचं लाल दप्तर आणि बाबाची छत्री लटकत होती. तक्ता मी कधीच काढून टाकला होता.

“पिल्लू, समोर काय दिसतं सांग.”

मला दप्तर ऐकायचं होतं. छत्री ऐकायची होती. निदान दार. ती पाठ ताठ करून बसली, हात मागे बांधले आणि सुरू झाली. “व्ही, टी, ओ, एच. एक्स, यू, ए, टी.” तक्ता नसलेल्या दाराकडे बघत तिने पाचही ओळी म्हटल्या. एकही चूक नाही. मग विचारलं, “आई, बरोबर?”

 मी तिथेच तिच्याशेजारी पायरीवर बसले. शाळेत काय झालं असेल ते मला समोर दिसत होतं. तपासणीवाल्या बाईने डावा डोळा उघडा ठेवून विचारलं असणार आणि माझ्या शहाण्या पोरीने पाठ केलेलं म्हणून दाखवलं असणार. दिसत नाही असं तिने एकदा सांगितलं होतं. मला सांगितलं होतं. आणि मी तिला म्हणाले होते, आठव.

नवरा वरच्या खोलीत काम करत होता. त्याला खाली बोलावलं, सगळं सांगितलं. त्याने फोनवर वाचायला सुरुवात केली आणि त्याचा चेहरा उतरत गेला. एक डोळा कमी बघत असेल तर मेंदू हळूहळू त्याच्याकडे लक्ष देणं सोडून देतो. दुसऱ्या डोळ्यावर सगळं निभतं, त्यामुळे मूल तक्रार करत नाही, घरच्यांना कळत नाही. वयाच्या सात-आठ वर्षांच्या आत उपाय झाला तर डोळा परत येऊ शकतो. जितका उशीर तितकी आशा कमी. म्हणून तर चौथ्या-पाचव्या वर्षी शाळेत तपासतात.

“तीन महिने गेले रे,” मी म्हणाले. “माझ्यामुळे तीन महिने गेले.”

“आता रडून काय होणार आहे? शनिवारी ऑप्टिशियनकडे जाऊ. पण एक ऐक, हे प्रॅक्टिसचं कुठे बोलू नकोस.”

“का?”

“अगं, आपण व्हिसावर आहोत. मुलांच्या बाबतीत काही ऑड वाटलं की हे लोक लगेच सेफगार्डिंग म्हणतात, मूल घरात सुरक्षित नाही म्हणून चौकशी लावतात. उद्या सोशल सर्व्हिसेसवाली दारात उभी राहिली म्हणजे?”

एरवी मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण आमच्या ग्रुपवर या गोष्टी नेहमी फिरतात. कुणाच्या तरी ओळखीच्यांचं मूल पडलं, दवाखान्यात नेलं, प्रश्न विचारले, घरी माणसं आली. कोणीच कधी त्या कुटुंबाला भेटलेलं नसतं, पण गोष्ट सगळ्यांना पाठ. चोराच्या मनात चांदणं. शाळेच्या फाटकाशी लेकीची टीचर माझ्याकडे बघून हसली तरी मला वाटायचं, हिला कळलंय.

ऑप्टिशियन, म्हणजे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारा, तरुण मुलगा होता. त्याने लेकीचा उजवा डोळा झाकला आणि स्वतःच्या पडद्यावरची चित्रं दाखवली, बदक, गाडी, घर. पाठ केलेलं तिथे काही कामाचं नव्हतं. सगळ्यात मोठं घरसुद्धा तिने अंदाजाने सांगितलं. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, “शाळेतली तपासणी झाली होती का?”

“हो. ऑक्टोबरमध्ये.”

“काय निघालं?”

नवरा माझ्या शेजारीच बसला होता. त्याने नुसता घसा खाकरला.

“नॉर्मल,” मी म्हणाले. “दोन्ही डोळे.”

त्या मुलाने पुन्हा एकदा डोळ्यात उजेड टाकून बघितलं, बाहेर जाऊन कोणाला तरी फोन केला, आणि आत येऊन म्हणाला की सोमवारी सकाळी हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या विभागात जा, मी बोललो आहे. इथे साध्या साध्या अपॉइंटमेंटसाठी महिनोन् महिने थांबलेली माणसं आम्ही. आम्हाला वाटलं, चला, नशीब. गाडीत बसताना नवरा म्हणाला, “बघ, न सांगता झालं की नाही काम?” दोन दिवसांत सोमवार कसा काय मिळाला, हा प्रश्न दोघांच्याही डोक्यात आला नाही.

सोमवारी त्याला मीटिंग होती. मी एकटी लेकीला घेऊन गेले. डॉक्टरीणबाई साठीच्या आसपासच्या, ग्लासगोकडच्या उच्चारांच्या. पहिली पाच मिनिटं मला त्यांची इंग्रजी कळेचना. मग कळायला लागली, आणि ती कळली नसती तर बरं झालं असतं असं वाटलं. त्यांनी लेकीला खेळण्यांच्या कोपऱ्यात बसवलं आणि मला विचारायला सुरुवात केली. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतं का? उलट्या होतात का? चालताना तोल जातो का? अलीकडे जास्त झोपते का? स्वभावात काही बदल?

ती पार्टीच्या रात्री एकदा ओकली होती. जास्त केक खाऊन, असं आम्ही समजलो होतो. मी सांगितलं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं. 

“हे सगळं का विचारताय?” मी म्हणाले.

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. डॉक्टर खुर्ची जवळ ओढतात तेव्हा काय समजायचं ते कुठल्याही देशात सारखंच असतं. त्या म्हणाल्या, “लहानपणापासून कमजोर असलेला डोळा, ही नेहमीची गोष्ट आहे. पण तुमच्या मुलीचा डावा डोळा ऑक्टोबरपर्यंत नीट बघत होता. तीन महिन्यांत एका डोळ्याची नजर एवढी जाते तेव्हा मला तिच्या डोळ्यामागे आणि मेंदूत काय चाललंय ते बघावंच लागेल. मी घाईने स्कॅन सांगतेय. एवढं लहान मूल हलल्याशिवाय पडून राहत नाही, त्यामुळे भूल द्यावी लागेल. या आठवड्यातच.”

मी लेकीकडे बघितलं. ती प्लास्टिकच्या गाईला प्लास्टिकचं गवत भरवत होती.

मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. मला माहीत होतं की ऑक्टोबरमध्ये तो डोळा नीट बघत नव्हता. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. एक वाक्य बोलले असते तर भूल टळली असती, आणि ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना. बोलले तर या काय लिहितील? आमच्या जुन्या वह्यांतला तो शेवटचा रकाना माझ्या डोळ्यांसमोर आला, आणि आजवर मी ज्यांना हसले त्या सगळ्या बायांना काय वाटलं असेल ते मला पहिल्यांदा कळलं. दार उघडून कोणीतरी आत येईल, मुलीला शेजारच्या खोलीत नेतील आणि मला म्हणतील, आपण जरा बोलूया. नवऱ्याचा खाकरलेला घसा आठवला. आणि त्याहून वाईट एक भीती होती, ती मी अजून कोणाला सांगितलेली नाही. खरोखरच आत काही असलं आणि माझ्या बोलण्यामुळे त्यांनी शोधायचं सोडलं तर?

डॉक्टरीणबाई टाइप करायला लागल्या. कीबोर्डचा आवाज येत होता. स्कॅनचा अर्ज असणार.

“ती तेव्हा नापास झाली असती,” मी म्हणाले.

त्या थांबल्या.

“शाळेत. तिला दिसत नव्हतं. मी तिच्याकडून सगळा तक्ता पाठ करून घेतला होता.” एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबता येईना. फोटो, प्रिंट, वाटी, वेणी घालताना म्हणून घेतलेल्या ओळी, तक्ता नसलेलं दार, सगळं सांगितलं. ती मला फझी आहे म्हणाली होती हेही सांगितलं. “तिने सांगितलं होतं मला. मीच ऐकलं नाही. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा माझ्याबद्दल, पण तिला उगीच भूल नका देऊ.” शेवटचं अर्धं मी रडत मराठीत बोलले असणार, कारण त्यांनी ते मला पुन्हा विचारलं.

त्यांनी लिहिलं. माझ्यापासून न लपवता, माझ्यासमोरच लिहिलं, आणि लिहून झाल्यावर पडदा माझ्याकडे वळवला. शाळेतली तपासणी ग्राह्य नाही, मुलीने अक्षरं पाठ केली होती असं आई सांगते. एवढंच होतं.

“ते पाठ का करून घेतलंत?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच समजत नसल्यासारखं विचारलं.

“परीक्षा होती ना,” मी म्हणाले. 

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, थेंब घालून चष्म्याचा नंबर काढू, डोळ्याचा मागचा भाग स्वतः बघते, आणि ते सगळं जुळलं तर स्कॅनची गरज नाही. चष्मा आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. मी विचारलं, नजर परत येईल का. त्या म्हणाल्या, येते बऱ्याच जणांची, पण तुमच्या मुलीची किती येईल ते आज मी सांगू शकत नाही. जे हरवलं ते परत येईलच असं नाही. मग म्हणाल्या, “आधी मला खरा आकडा हवा. आपण पहिल्यापासून करूया. वेगळी अक्षरं.”

लेकीला उंच खुर्चीवर बसवलं. उजव्या डोळ्यावर चिकटपट्टी लावली. समोरच्या पडद्यावर एकच अक्षर आलं, माझ्या तळहाताएवढं. मी भिंतीला टेकून उभी होते, तिच्यापासून पाच-सहा पावलांवर.

“हे कोणतं आहे, सांगशील?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

 लेकीने पाठ ताठ केली, ओठ हलवले, मग ते मिटले. मान वळवून ती मी उभी होते त्या दिशेला बघायला लागली. मी हसून दाखवलं. मान हलवून दाखवली, की बोल, जे असेल ते बोल. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

मग ती खुर्चीवरून घसरून खाली उतरली, दोन्ही हात पुढे करून चालत माझ्याकडे आली आणि माझा स्वेटर धरून मला खाली ओढलं. मी गुडघ्यांवर बसले. तिने माझे दोन्ही गाल धरले आणि स्वतःचं तोंड इतकं जवळ आणलं की तिचा श्वास माझ्या नाकाला लागला. ती त्या एका डोळ्याने माझ्या भुवया बघत होती, तोंड बघत होती, पुन्हा भुवया. मला वाटलं, घाबरून बिलगली. तशी ती बिलगली नव्हती. आई रागावली आहे की नाही, ते तिला तपासायचं होतं, आणि ते दिसायला तिला एवढं जवळ यावं लागत होतं.

पुरेसं बघून झाल्यावर तिने माझे गाल सोडले. चाचपडत परत गेली, खुर्चीवर चढली, आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली की मला नाही दिसत.